शंभर किलोतला अर्धा किलो : रॉकेट वर जाते कसे आणि इतके जड का असते

शुक्रतारा (धागालेखक) :

दिवाळीनंतरच्या सकाळी सातवीतल्या भाच्याने अंगणात पडलेला एक जळका बाण उचलून आणला आणि आम्ही दोघांनी तो चाकूने उभा चिरला. आत जाड पुठ्ठ्याची काळवंडलेली नळी होती आणि तिच्या खालच्या तोंडाशी घट्ट ठोकून बसवलेली मातीची चकती होती, जिच्या मधोमध अगरबत्तीच्या काडीपेक्षा थोडे मोठे भोक होते. आतली दारू पूर्ण जळून गेली होती, पण चकती जागची हलली नव्हती. भाच्याने विचारले, "या भोकातून धूर खाली जातो आणि हवेला रेटतो, म्हणून बाण वर जातो. मग जिथे हवाच नाही तिथे रॉकेट कशाला रेटते?" हा धागा त्या प्रश्नामुळे काढत आहे, कारण त्याचे उत्तर शोधताना मला स्वतःलाही पुष्कळ गोष्टी नव्याने समजल्या.

रॉकेट हवेला रेटत नाही. बंद डब्यात दाबाखाली वायू भरला की तो सगळ्या भिंतींना सारख्याच जोराने रेटतो, त्यामुळे डबा जागचा हलत नाही. त्याची एक बाजू उघडली की त्या बाजूला रेटायला भिंत उरत नाही, समोरच्या भिंतीवरचा दाब मात्र तसाच राहतो आणि डबा त्या दिशेने जातो. बाहेर हवा असण्याची यात काहीच गरज नाही. उलट हवा बाहेर पडणाऱ्या वायूला अडवते आणि रॉकेटच्या अंगाशीही घासते, म्हणून तेच इंजिन निर्वात पोकळीत अधिक जोर देते. भाच्याची चूक मात्र अगदीच स्वाभाविक आहे. अमेरिकेतले रॉबर्ट गॉडर्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे मांडले, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखाने हाच आक्षेप घेऊन त्यांना शाळेतले विज्ञानही ठाऊक नसल्याचे म्हटले होते. गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायूवर चालणारे पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद चालले, साधारण साडेबारा मीटर उंच गेले आणि कोबीच्या शेतात पडले. त्या वृत्तपत्राने आपली चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यानंतर. गॉडर्ड यांचे निधन त्याआधी २४ वर्षे झाले होते.

आता मूळ मुद्दा. इस्रोचे पीएसएलव्ही रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे ३२० टनांचे असते आणि सहाशे किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत ते साधारण पावणेदोन टनांचा उपग्रह नेऊन ठेवते. म्हणजे तळावर उभ्या असलेल्या प्रत्येक शंभर किलोंपैकी जेमतेम अर्धा किलो कामाच्या जागी पोहोचतो. १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालेले आपले एसएलव्ही-३ सतरा टनांचे होते आणि त्याने नेलेला रोहिणी उपग्रह ३५ किलोंचा, म्हणजे शंभर किलोंत अवघे दोनशे ग्रॅम. इतकी उधळपट्टी का होते, याचे उत्तर कालुगा या रशियन गावातल्या एका शाळामास्तरांनी १९०३ सालीच छापून ठेवले होते. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की हे त्यांचे नाव. लहानपणीच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि बरेचसे शिक्षण त्यांनी स्वतःच वाचून घेतले होते.

त्यांच्या समीकरणात दोनच गोष्टी आहेत. मागून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग किती, आणि रॉकेटचे सुरुवातीचे वजन इंधन संपल्यावरच्या वजनाच्या किती पट आहे. वायूच्या वेगाला या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणले की रॉकेटला मिळणारा एकूण वेग निघतो. खरी अडचण त्या लॉगॅरिदममध्ये आहे, कारण वेग बेरजेने वाढतो पण वजन गुणाकाराने वाढते. वायूच्या वेगाएवढी भर हवी असेल तर वजनाचे गुणोत्तर सुमारे २.७ पट करावे लागते, तेवढीच आणखी एक भर हवी असेल तर पुन्हा २.७ पट. कारण सोपे आहे : शेवटी जळणारे इंधन हे सुरुवातीला जळणाऱ्या इंधनासाठी ओझेच असते.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. पाचशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत टिकायला सेकंदाला ७.६ किलोमीटर वेग लागतो, ज्या वेगाने मुंबईहून पुण्याला वीस सेकंदांत पोहोचता येईल. चढताना गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात आणि हवेच्या घर्षणात जे वाया जाते ते धरले तर एकूण गरज साधारण ९.४ किलोमीटरची होते. वायूचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर मानला तर वजनाचे गुणोत्तर २३ येते. म्हणजे शंभर किलोंत ९५.६ किलो इंधन, आणि टाक्या, इंजिन, यंत्रणा व उपग्रह या सगळ्यांना मिळून ४.४ किलो. टाक्या आणि इंजिन मिळून इंधनाच्या एक दशांश वजनात बसवले तरी त्यांनाच साडेनऊ किलो लागतात. हिशेब उणे येतो, उपग्रहाचा तर विचारच नको.

यातून सुटण्याचे मार्ग मोजके आहेत आणि रॉकेटचा सगळा इतिहास मला त्या मार्गांचाच इतिहास वाटतो. जाणकारांनी भर घालावी.

बखरप्रेमी :

लेख आवडला. 'बाण' या शब्दाबद्दल थोडे लिहितो. आज आपण दिवाळीतल्या रॉकेटला बाण म्हणतो, पण जुन्या मराठी कागदपत्रांत रणांगणावर सोडल्या जाणाऱ्या अग्निबाणांनाही 'बाण' असेच म्हटलेले आढळते. म्हणजे हा शब्द रॉकेटसाठी आपल्याकडे शतकानुशतके आहे आणि तो उपमेने आलेला असला तरी पुढे पारिभाषिकच झालेला आहे.

म्हैसूरच्या हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या सैन्याने जे केले ते तुमच्या सूत्राच्या पहिल्या भागाशी, म्हणजे वायूच्या वेगाशी जोडलेले आहे. त्यांनी दारू पुठ्ठ्याऐवजी लोखंडी नळीत ठासली. पुठ्ठा फुटेल इतका दाब लोखंड सहन करते, दाब वाढला की वायू अधिक वेगाने बाहेर पडतो आणि बाण लांब जातो. साधारण वीतभर लांबीची नळी, तिला बांधलेला माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा बांबू, आणि पल्ला एक किलोमीटरच्या पुढे. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना या बाणांचा मार सोसावा लागला आणि ५ एप्रिल १७९९ च्या रात्री सुलतानपेठच्या आमराईत आर्थर वेलस्ली यांच्या तुकडीला माघार घ्यावी लागली, तेव्हाही बाण सुटत होते. महिन्याभरात श्रीरंगपट्टण पडले आणि हाती लागलेले बाण इंग्लंडला वुलिच येथे गेले. त्यांवरून विल्यम काँग्रीव्ह यांनी स्वतःची रॉकेटे बनवली, ती १८०७ साली कोपनहेगनवर डागली गेली. २०१८ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर येथे एका जुन्या विहिरीच्या गाळातून अशा लोखंडी नळ्या हजारावर निघाल्या. दारूगोळ्याचे हे कौशल्य म्हणजे आधी लोहारकामाचे कौशल्य होते, हे त्या नळ्या पाहिल्यावर पटते.

साधी_शंका :

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. सगळे इंधन पहिल्या काही किलोमीटरांत खर्च होते असे ऐकले आहे. मग एखाद्या उंच डोंगरावरून किंवा विमानातून रॉकेट सोडले तर एवढे वजन लागणार नाही ना?

शुक्रतारा :

प्रश्न बाळबोध नाही. हाच गैरसमज माझाही होता. आपण अवकाशाला 'वर' म्हणतो, त्यामुळे उंची हीच अडचण वाटते. प्रत्यक्षात अडचण वेगाची आहे. पाचशे किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८६ टक्के असते. तिथे उपग्रह नुसता नेऊन सोडला तर तो दगडासारखा खाली येईल. तो पडत नाही, कारण तो आडव्या दिशेने इतक्या वेगाने जात असतो की त्याच्या पडण्याची वाट पृथ्वीच्या वळणाला समांतर होते. एक किलो वस्तू दहा किलोमीटर वर न्यायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ तीनशे पट ऊर्जा तिला कक्षेतला वेग द्यायला लागते. म्हणून विमानातून सोडण्याचा फायदा होतो, पण तो थोडाच. अमेरिकेचे पेगासस रॉकेट १९९० पासून तसे सोडले गेले आहे आणि ते लहान उपग्रहांपुरतेच राहिले.

उंचीपेक्षा जागा आणि दिशा जास्त उपयोगी पडते. श्रीहरिकोट्याची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटर वेगाने जातच असते. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला हा वेग फुकट मिळतो, आणि गळून पडणारे टप्पे (रॉकेटचे एकावर एक रचलेले, इंधन संपले की सुटणारे भाग) बंगालच्या उपसागरात पडतात. ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जावे लागते, तिथे हा लाभ नाही. शिवाय श्रीलंकेवरून टप्पे पडू नयेत म्हणून पीएसएलव्हीला वाट वाकडी करून जावे लागते आणि त्याचीही किंमत इंधनातच मोजावी लागते.

खरी सुटका टप्प्यांनी होते. वरचाच हिशेब दोन टप्प्यांत मांडला, प्रत्येकाकडे अर्धा वेग सोपवला, तर प्रत्येक टप्प्याचे गुणोत्तर २३ ऐवजी ४.८ येते. शंभर किलोंत ७९ किलो इंधन, आठ किलो टाकी आणि इंजिन, उरले तेरा किलो. हे तेरा किलो म्हणजे वरचा टप्पा आणि त्यावरचा उपग्रह. त्या तेरा किलोंचे पुन्हा तेरा टक्के केले तर साधारण १.७ किलो उरतात. उणे हिशेब अधिक झाला, तो केवळ रिकामी टाकी वाटेत टाकून दिल्यामुळे.

फिरती_लेथ :

मी तीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात यंत्रकाम केले आणि त्यातली काही वर्षे घन इंधनाच्या टप्प्यांच्या कवचांवर गेली, म्हणून या 'आठ किलो टाकी'बद्दल लिहितो. कागदावर तो एक आकडा आहे, शॉपमध्ये मात्र तो वाढू नये म्हणून माणसे रात्री जागतात.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा आहे आणि त्याचे कवच पाच खंडांचे असते. त्याला मॅरेजिंग पोलाद वापरतात. यात कर्ब जवळजवळ नसतो, अठरा टक्के निकेल असते, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. या पोलादाचा गुण असा की सुरुवातीला ते बऱ्यापैकी मऊ असते, तेव्हा वाकवून, जोडून, कापून घ्यायचे आणि मग भट्टीत पाचशे अंशांच्या जरा खाली काही तास ठेवायचे. तिथे त्याची खरी ताकद तयार होते. त्यामुळे पत्रा पातळ ठेवता येतो. पण भट्टीतून निघाल्यावर दुरुस्तीला फारसा वाव राहत नाही. एकदा आमच्या एका जोडात क्ष-किरणाच्या फिल्मवर मोहरीहूनही लहान काळा ठिपका दिसला. डोळ्यांनी जोड निर्दोष होता, बोट फिरवले तर आरशासारखा. तो भाग बाजूला काढला गेला आणि आमचे कित्येक आठवड्यांचे काम वाया गेले. त्या वेळी फार वाईट वाटले. पण आत पेटलेल्या इंधनाचा दाब त्या ठिपक्यावर एकवटला असता तर काय झाले असते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

आतले इंधन द्रव नसून रबरासारखे घट्ट असते. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना बांधून ठेवणारा रबरी पदार्थ यांचा लगदा कवचात ओततात आणि तो तिथेच आळतो. या घन इंधनाच्या कामात आपल्या पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांचा फार मोठा वाटा आहे. थुंबा येथे त्यांनी त्याची उभारणी केली आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. मराठी माणूस त्यांना बहुधा मोसमी पावसाच्या अंदाजासाठी ओळखतो. ही दुसरी बाजूही तितकीच ओळखीची व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

अजून एक. वजन कुठे वाचवायचे यालाही क्रम असतो. शेवटच्या टप्प्यात वाचवलेला एक किलो म्हणजे उपग्रहाला मिळालेला पूर्ण एक किलो. पहिल्या टप्प्यात मात्र कितीतरी किलो वाचवावे तेव्हा उपग्रहाच्या वाट्याला एक येतो, म्हणून तिथे पोलाद चालते.

मृगशीर्ष :

टप्पे झाले, कवच झाले. आता सूत्राचा पहिला भाग, वायूचा वेग. घन इंधनात तो सेकंदाला अडीच किलोमीटरांच्या थोडा पुढे जातो, पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनासारख्या द्रव इंधनाच्या इंजिनात त्याहून थोडा अधिक, आणि द्रव हायड्रोजन व द्रव प्राणवायू जाळले तर तो थेट ४.४ किलोमीटरांच्या आसपास पोहोचतो. कारण रेणूच्या वजनात आहे. तेवढ्याच तापमानाला हलके रेणू अधिक वेगाने धावतात आणि हायड्रोजन जळून तयार होणारी वाफ हलकी असते. गंमत म्हणजे, रसायनशास्त्राप्रमाणे एक किलो हायड्रोजनला आठ किलो प्राणवायू लागतो, पण इंजिनात तो पाच-सहा किलोच देतात. थोडा हायड्रोजन न जळताच बाहेर जातो आणि एकूण वायूला हलका ठेवतो.

हे इतके चांगले असेल तर सगळेच का वापरत नाहीत? कारण हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रव होतो आणि प्राणवायू उणे १८३ ला. दोन टाक्या शेजारी ठेवल्या तर हायड्रोजनची टाकी प्राणवायूलाही गोठवू शकते. शिवाय द्रव हायड्रोजन आश्चर्य वाटावे इतका हलका असतो. घरातली पंधरा लिटरची बादली त्याने काठोकाठ भरली तर आतल्या द्रवाचे वजन जेमतेम एक किलो भरेल. म्हणून टाकी मोठी लागते, आणि म्हणूनच हे इंधन बहुधा वरच्या टप्प्यात वापरतात, जिथे वजनाची किंमत सर्वांत जास्त असते.

भारताने १९९१ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक (म्हणजे अशा अतिथंड द्रव इंधनावर चालणारी) इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचा प्रसार होतो असे कारण देऊन अमेरिकेने १९९२ साली निर्बंध घातले आणि १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. हाती आले ते सात तयार टप्पे. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्या इंजिनात इंधन भरायला तासन्‌तास लागतात आणि भरलेले इंधन सतत उडून जाते, ते क्षेपणास्त्राच्या काय कामाचे?

आपला स्वतःचा प्रकल्प १९९४ साली सुरू झाला. १५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी इंजिन घेऊन जीएसएलव्ही-डी३ हे रॉकेट निघाले. पहिले दोन टप्पे बिनचूक चालले, क्रायोजेनिक इंजिन पेटलेही, पण हायड्रोजनच्या टाकीकडून इंजिनाला इंधन चढवणारा साहाय्यक पंप क्षणभरात थांबला आणि सगळे समुद्रात गेले. इंजिनातला मुख्य पंप मिनिटाला सुमारे चाळीस हजार फेरे घेतो, तेही उणे अडीचशे अंशांच्या द्रवात, जिथे धातू आक्रसतात आणि सीलचे रबर काचेसारखे ठिसूळ होते. एका ठिकाणची फट केसाएवढी चुकली तरी फिरता भाग धरला जातो. १९ ऑगस्ट २०१३ रोजी पुन्हा तयारी झाली, तर उड्डाणाला सव्वा तास उरलेला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागले आणि मोजणी थांबवावी लागली. त्या टाकीचा मिश्रधातूच बदलला गेला. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ ने जीसॅट-१४ कक्षेत नेला, त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर उभा होतो, बसवतच नव्हते.

अनामिका_नाशिक :

मृगशीर्ष, तुमचे बरेचसे पटते. पण निर्बंधांमुळेच आपली वीस वर्षे गेली, असा सूर नेहमी लागतो, तो मला पूर्ण बरोबर वाटत नाही. करार पुरा झाला असता तरी आराखडे हाती आल्याने धातू, सील आणि पंप आपोआप तयार झाले असते का?

मृगशीर्ष :

तुमचा मुद्दा मान्य आहे आणि मी माझे म्हणणे थोडे सुधारतो. नंतरचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. पहिले स्वदेशी इंजिन, सीई-७.५, रशियन रचनेवर बेतलेले होते आणि त्यात पंप फिरवणारा वायूसुद्धा पुढे मुख्य ज्वलनकक्षात जाळला जातो. ही रचना कार्यक्षम आहे, पण तिचे भाग सुटे सुटे चाचणीला लावणे कठीण. एलव्हीएम-३ या मोठ्या रॉकेटसाठीचे सीई-२० इंजिन मात्र आपल्या लोकांनी मुळापासून आखले. पंप फिरवणारा वायू त्यात बाहेर सोडून दिला जातो. त्यामुळे कार्यक्षमता थोडी कमी मिळते, पण प्रत्येक भाग वेगळा तपासता येतो. पहिल्या इंजिनाच्या कामाने जे शिकवले त्यातूनच हा निर्णय आला असावा असे मला वाटते. ५ जून २०१७ रोजी त्या इंजिनासह एलव्हीएम-३ ने पहिल्याच कक्षीय उड्डाणात ३,१३६ किलोंचा जीसॅट-१९ नेला, आणि १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ही त्याच रॉकेटने निघाले.

बखरप्रेमी :

एक राहिलेला प्रश्न विचारतो. म्हैसूरच्या बाणाला बांबू आणि दिवाळीच्या बाणाला काडी, ती बाण सरळ जावा म्हणून. पीएसएलव्हीला तर काडी नाही. मग ते वळते आणि सावरते कसे?

फिरती_लेथ :

पहिल्या टप्प्याचे नोझल, म्हणजे झोत बाहेर पडतो ते तोंड, जागचे हलत नाही. त्याच्या भिंतीला भोके असतात आणि त्यांतून स्ट्राँशियम परक्लोरेटचे द्रावण आतल्या झोतात एका बाजूने मारतात. झोत किंचित कलतो आणि रॉकेट वळते. दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिनच थोडे तिरपे होते. दर क्षणाला अशा लहान दुरुस्त्या चालू असतात.

शुक्रतारा :

बखरप्रेमी, तुमच्या काडीच्या प्रश्नावरून काल आम्ही उरलेले चार बाण किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले. नंतर ते मोकळ्या मैदानात सोडले आणि जे तीन सापडले ते पुन्हा तोलले. तिन्ही बाणांत दारूचा वाटा एकूण वजनाच्या एक तृतीयांशाच्या आतच निघाला आणि काडी एकटीच दारूपेक्षा जड भरली. भाच्याने वहीत पीएसएलव्हीचे आकडे एका बाजूला आणि बाणाचे दुसऱ्या बाजूला लिहिले आहेत. काडी काढून टाकली तर गुणोत्तर किती सुधारेल हे त्याने काढले आहे, आणि मग बाण सरळ कशाने जाईल यावर तो आता विचार करत बसला आहे.